बेळगावची महापालिका : नळ, दिवाबत्ती आणि सीमाप्रश्न

बेळगाव म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला प्रथम सीमाप्रश्न आठवतो. खवय्यांना कुंदा आणि मांडे आठवतात, तर पु. ल. देशपांडे यांच्या वाचकांना ‘गणगोत’मधील रावसाहेब. या शहराच्या राजकारणाचा विचार करताना मात्र विधानसभा किंवा लोकसभेपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते ते एका वेगळ्याच सभागृहाकडे. ते सभागृह म्हणजे बेळगावची नगरपालिका आणि पुढे झालेली महापालिका.

रस्ते, गटारे, पाणी आणि दिवाबत्ती यांची व्यवस्था पाहावी, एवढ्याच हेतूने ही संस्था स्थापन झाली. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत सीमाभागातील मराठी माणसाला आपले म्हणणे अधिकृतपणे नोंदविता येईल, अशी हक्काची जागा फारशी दुसरी उरली नाही. त्यामुळे शहरातील सर्वांत मोठा प्रश्न शहरातील सर्वांत लहान अधिकाराच्या संस्थेला वाहावा लागला. त्याची किंमत कोणी आणि कशी मोजली, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

दोन भाषांचे गाव

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, गोव्याकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेले बेळगाव हे प्राचीन नगर आहे. येथील किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजवटीत, १२०४ साली उभे राहिले. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि तेथे लष्करी छावणी आली. सार्वजनिक वाचनालय १८४८ साली सुरू झाले, तर नगरपालिका १८५१ साली. शहराला लागून असलेले शहापूर मात्र स्वातंत्र्यानंतर विलीनीकरण होईपर्यंत सांगली संस्थानात होते. एका गल्लीत इंग्रजांचा अंमल, तर पलीकडे पटवर्धनांचा, अशी स्थिती येथील कित्येक पिढ्यांनी अनुभवली.

पालिकेच्या कारभाराने महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासालाही एकदा अप्रत्यक्ष वळण दिले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी उद्योगाची सुरुवात बेळगावातच सायकलींच्या दुकानाने केली. पुढे येथेच त्यांचा कारखाना उभा राहिला. शहराच्या विस्तारासाठी ठळकवाडीची नवी वसाहत आखली गेली, तेव्हा कारखान्याची जागा त्यांना सोडावी लागली. औंध संस्थानच्या अधिपतींनी जागा देऊ केली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. किर्लोस्करांचा उद्योग बेळगावातून गेला. किर्लोस्कर रोड हे नाव तेवढे शहरात राहिले.

या शहराची बोली मराठी आणि कन्नडच्या मुशीतून घडली आहे. ‘येतो की’, ‘जेवलो की’ यांतला लांबवलेला ‘की’ ऐकला की बेळगावचा माणूस परमुलखातही ओळखू येतो. अण्णा, अक्का, अप्पा ही नाती दोन्ही भाषांच्या घरांत सारखीच हाकारली जातात. पु. ल. देशपांडे हे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. तेथे भेटलेल्या कृष्णराव हरिहर यांना त्यांनी ‘रावसाहेब’ म्हणून अजरामर केले. कन्नड मातृभाषेच्या त्या रसिकाचे मराठी नाटक-संगीतावरील प्रेम ही कल्पित कथा नव्हती. तो या गावाचा स्वभाव होता.

प्रस्तुत प्रतिनिधीचे बालपण याच भागात गेले. भाजीबाजारात घासाघीस कन्नडमध्ये, घरी आल्यावर हिशेब मराठीत आणि देवळात दोन्ही भाषांतील भजने, यांत काही विशेष आहे, असे त्या वयात कधी वाटले नाही. जमिनीच्या उताऱ्याचा कागद हाती आला की आज्जी तो शेजारच्या कन्नड अक्कांकडे घेऊन जात असे. अक्का तो वाचून मराठीत समजावून सांगत. सीमाप्रश्नाची तीव्रता आणि त्यातील माणुसकी या दोन्ही गोष्टी त्या एका कागदात होत्या, हे पुष्कळ पुढे कळले.

एकाच शहरात दोन स्वप्ने

लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात झाली. त्यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे काँग्रेसचे एकमेव अधिवेशन होय. ‘कर्नाटक केसरी’ म्हणून ओळखले जाणारे टिळकभक्त गंगाधरराव देशपांडे हे त्याचे प्रमुख संयोजक होते. अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर ‘काँग्रेस विहीर’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि शेजारचा रस्ता काँग्रेस रोड म्हणून.

याच अधिवेशनाच्या निमित्ताने कर्नाटक एकीकरण परिषदही बेळगावातच भरली. मुंबई, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद अशा वेगवेगळ्या राजवटींत विखुरलेल्या कन्नड भाषकांचे एक राज्य व्हावे, या मागणीला येथे संघटित स्वरूप आले. हुईलगोळ नारायणराव यांचे कन्नड राज्योदयाचे गीत याच अधिवेशनात प्रथम गायले गेले.

मराठीच्या बाजूने पाहिले तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे उगमस्थानही बेळगावच आहे. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी साहित्य संमेलन झाले. त्या व्यासपीठावरून संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि पुढे मुंबईत शंकरराव देव यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद आकाराला आली.

त्याआधी १९२९ साली तर एकाच वर्षात या गावाने दोन साहित्य संमेलने पाहिली होती. मराठी संमेलनाचे अध्यक्ष होते ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे, तर कन्नड संमेलनाचे मास्ती व्यंकटेश अय्यंगार. एका शहराने दोन भाषांच्या सारस्वतांना एकाच वर्षी मांडव घालून द्यावा, याचे आज नवल वाटते. त्या काळी ते वाटत नव्हते, कारण राज्य कोणाचे, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला नव्हता. राज्यकर्ता इंग्रज होता.

ठरावाचे राजकारण

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४८ साली बेळगाव नगरपालिकेने शहराचा समावेश नियोजित संयुक्त महाराष्ट्रात करावा, अशी मागणी केंद्राकडे केली. पालिकेत मराठी भाषकांचे प्राबल्य होते आणि १९५१ च्या जनगणनेतही शहरातील निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा मराठी होती. तत्कालीन मुंबई राज्यातील बेळगाव जिल्ह्यात कन्नड भाषकांचे बहुमत होते, तर शहरात आणि पश्चिमेकडील गावांत मराठी भाषकांचे. घटक जिल्हा मानायचा, तालुका मानायचा की खेडे, हा पुढील साऱ्या वादाचा मुद्दा येथेच आहे.

राज्य पुनर्रचनेत घटक म्हणून मुख्यतः जिल्हा धरला गेला. चंदगड तालुका वेगळा काढून कोल्हापूरला जोडण्यात आला आणि उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घालण्याचा निर्णय झाला. जानेवारी १९५६ मध्ये हा निर्णय जाहीर होताच शहरात उद्रेक झाला. १७ जानेवारी रोजी गोळीबारात आंदोलकांचे बळी गेले. तो दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निर्णय अमलात आला. ‘रात्री मुंबई राज्यात झोपलो आणि सकाळी म्हैसूर राज्यात जागे झालो,’ असे आमच्या आजोबांच्या पिढीतील माणसे सांगत असत. त्या सांगण्यात संतापापेक्षा अचंबा अधिक असे.

तेव्हापासून १ नोव्हेंबर हा दिवस बेळगावात दोन प्रकारे साजरा होतो. कन्नड भाषकांचा तो राज्योत्सव आणि महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिन. एका मिरवणुकीत लाल-पिवळे ध्वज असतात, तर दुसऱ्या फेरीत काळे झेंडे.

१९५८ साली समितीने सत्याग्रह केला. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, पण ज्या शहरात त्याचा ठराव झाला, ते शहर त्याबाहेरच राहिले. सेनापती बापट यांच्या १९६६ मधील उपोषणानंतर केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. त्याचा अहवाल १९६७ साली आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, अक्कलकोट आणि जतच्या भागांसह २४७ गावे म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवावे, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. खेडे हा घटक, सलग भूप्रदेश, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा या चार कसोट्या सर्वत्र सारख्या लावल्या नाहीत, असा आक्षेप होता. बॅ. अ. र. अंतुले यांनी अहवालाची चिकित्सा करणारे पुस्तकही लिहिले. कर्नाटकाने हा अहवाल अंतिम मानावा, असा आग्रह धरला. दोन्ही राज्यांची भूमिका मुळात तेथेच राहिली आहे.

सक्ती आणि कागदपत्रे

ऐंशीच्या दशकात प्रश्नाला शिक्षणाची बाजू जोडली गेली. कन्नडच्या सक्तीविरुद्ध १९८६ साली सीमाभागात मोठे आंदोलन झाले. शरद पवार आणि छगन भुजबळ यांनी पोलिसांची नजर चुकवून वेषांतराने बेळगावात प्रवेश केला. १ जून रोजी आंदोलकांवर गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांचे स्मारक हिंडलगा येथे आहे आणि दर १ जूनला तेथे अभिवादनासाठी लोक जमतात.

ही झाली रस्त्यावरची लढाई. दैनंदिन जीवनातील लढाई अधिक साधी आणि अधिक चिवट आहे. ती आहे कागदपत्रांची. घरपट्टीची पावती, उतारा, पालिकेची नोटीस, सभेचे इतिवृत्त हे आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळावे, एवढीच ती मागणी. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे धोरण देशात मान्य झाले आहे. स्थानिक संस्थांच्या भाषेविषयीच्या कर्नाटकाच्या १९८१ च्या कायद्यातही अशी तरतूद आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे सीमावासीयांनी वेळोवेळी दाद मागितली ती याच आधारे. शहर कोणत्या राज्यात असावे, याविषयी मत कोणतेही असो, या मागणीशी वाद घालणे कठीण आहे.

२००५ : ठराव, काळे आणि बरखास्ती

महाराष्ट्र सरकारने मार्च २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यानंतर २७ ऑक्टोबर २००५ रोजी बेळगाव महापालिकेने शहर आणि मराठी सीमाभाग महाराष्ट्रात समाविष्ट करावा, असा ठराव केला. पालिकेला राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार नाही, हे ठराव मांडणाऱ्यांनाही ठाऊक होते. न्यायालयात दावा असताना शहराच्या निर्वाचित सभागृहाचे मत नोंदवले जावे, हा त्यामागील हेतू.

त्याचे पडसाद तीव्र उमटले. ११ नोव्हेंबर २००५ रोजी बंगळूर येथे महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला कन्नड संघटनेच्या कार्यकर्त्यांनी काळे फासले. त्यानंतर काही दिवसांतच कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली. त्या वेळी शाळेत असलेल्या आमच्या पिढीच्या मनावर वर्तमानपत्रातील ते छायाचित्र कायमचे कोरले गेले. आमच्या घरांत दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही. सीमाप्रश्न हा तोवर वडीलधाऱ्यांच्या गप्पांचा विषय होता. त्या दिवसापासून तो आमचाही झाला.

कर्नाटकाने त्यानंतर बेळगाववरील आपला हक्क अधिक ठळक करण्याचे धोरण स्वीकारले. सप्टेंबर २००६ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन प्रथमच बेळगावात भरले. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुवर्ण विधानसौधचे उद्घाटन झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये येळ्ळूर येथील ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला फलक हटविण्यात आला आणि गावात पोलिसी बळाचा वापर झाला.

सभागृहाविना शहर

२००५ मध्ये बरखास्त झालेल्या पालिकेचे सभागृह पुन्हा निवडून येण्यास २००७ साल उजाडले. २०११ च्या काळ्या दिनात महापौर व उपमहापौर सहभागी झाले आणि त्या डिसेंबरमध्ये महापालिका पुन्हा बरखास्त झाली. मार्च २०१३ मध्ये निवडणूक झाली, मराठी गटाला बहुमत मिळाले, तरी महापौरपदाची निवड २०१४ पर्यंत लांबली. त्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. तेव्हा निवडून आलेल्या नगरसेवकांनाही महापौर निवडण्यासाठी फेब्रुवारी २०२३ पर्यंत थांबावे लागले.

म्हणजे २००५ नंतरच्या अठरा वर्षांत कित्येक वर्षे या शहराचा कारभार महापौराविना, अधिकाऱ्यांच्या हाती होता. हा काळ शहरासाठी साधा नव्हता. जागतिक बँकेच्या साह्याने निवडक प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याची योजना २००८ पासून बेळगावात राबविली गेली. जानेवारी २०१६ मध्ये देशातील पहिल्या वीस स्मार्ट सिटींच्या यादीत बेळगावचे नाव आले. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत शहराच्या सखल भागांत पाणी शिरले, तेव्हा सभागृहाची मुदत संपून काही महिने लोटले होते. कोणत्या रस्त्याला आधी हात घालायचा, नाल्यावरील अतिक्रमणे कोणी काढायची, नळाला पाणी कोणत्या वेळी सोडायचे, हे प्रश्न विचारण्यासाठी नागरिकाला आपल्या प्रभागाचा नगरसेवक लागतो. तो नसेल तर झळ दोन्ही भाषांच्या गल्ल्यांना बसते.

मराठी नेत्यांनी भावनिक ठरावांत वेळ घालवला म्हणून शहर मागे पडले, असे कन्नड संघटना म्हणतात. लोकनियुक्त सभागृहाचा गळा सरकारनेच घोटला, असे समिती म्हणते. पहिल्या आरोपात काही तथ्य असेलही. परंतु सभागृहाने मत नोंदविणे आणि सरकारने सभागृहच काढून घेणे, या दोन गोष्टी एका तराजूत तोलता येत नाहीत. अमान्य ठराव रद्द करण्याचा मार्ग सरकारपुढे खुला होता.

झेंडा बदलला

२०२१ पर्यंत बेळगाव महापालिकेची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नसे. मराठी गट, कन्नड-उर्दू गट अशीच मांडणी असे. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रथमच राष्ट्रीय पक्ष चिन्हांसह उतरले. ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या, काँग्रेसला १०, एमआयएमला १ आणि अपक्षांना १२ जागा मिळाल्या. समितीचे मोजकेच नगरसेवक आले.

विशेष म्हणजे त्याच वर्षीच्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराने सुमारे १ लाख १७ हजार मते घेतली होती. मराठी मतदार नाहीसा झाला नव्हता. मात्र तो गल्लीच्या निवडणुकीत वेगळा विचार करू लागला होता. समितीतील फाटाफूट, प्रभागांची पुनर्रचना, राष्ट्रीय पक्षांनी दिलेले मराठी उमेदवार आणि हिंदुत्वाचे आवाहन ही त्यामागील कारणे सांगितली जातात. २०१३ च्या विधानसभा निवडणुकीत समितीचे दोन आमदार निवडून आले होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही आला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाजपच्या शोभा सोमनाचे महापौर झाल्या. महापौर मराठी भाषक होत्या, पण एकीकरणाचा ठराव आता त्या सभागृहाच्या विषयपत्रिकेवर नव्हता.

प्रश्न मात्र शमलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या कार्यालयासमोर लाल-पिवळा ध्वज उभारला गेला, तेव्हा वाद पेटला. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूर येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची आणि बेळगावात संगोळी रायण्णा यांच्या पुतळ्याची विटंबना झाली. डिसेंबर २०२२ मध्ये वाहनांवर दगडफेक झाली आणि दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा उल्लेख होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधील भाषेच्या वादातून दोन राज्यांमधील बससेवाच काही दिवस थांबली. सर्वोच्च न्यायालयातील दाव्याला २०२४ मध्ये वीस वर्षे झाली, तरी निकाल लागलेला नव्हता.

तोवर काय?

न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण मधल्या काळात माणसे जगतात, मुले शाळेत जातात, घरपट्टी भरतात. बेळगावचे अनेक मराठी तरुण नोकरीसाठी पुण्याला जातात, तितकेच बंगळूरला आणि गोव्यालाही जातात. त्यांच्यापैकी कित्येकांना कन्नड उत्तम येते आणि त्याबद्दल तक्रार नसते. मराठीतून अर्ज केला तर तो स्वीकारला जावा आणि आईवडिलांना नोटीस वाचता यावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

त्यासाठी दोन गोष्टी न्यायालयाच्या निकालावाचूनही करता येतील. एक, अल्पसंख्याकांच्या भाषेत कागदपत्रे देण्याच्या मान्य तरतुदींची प्रामाणिक अंमलबजावणी. दोन, महापालिकेची निवडणूक वेळेवर व्हावी, महापौर वेळेवर निवडला जावा आणि सभागृहाला आपली मुदत पूर्ण करू द्यावी. समितीनेही पाणी, रस्ते आणि मराठी शाळांच्या प्रश्नांवर पुन्हा गल्लोगल्ली काम उभे केल्याखेरीज सभागृहातील हरवलेली जागा तिला परत मिळणार नाही. ती जागा १९४८ साली होती, कारण तेव्हाचा नगरसेवक संयुक्त महाराष्ट्राचा ठरावही मांडत होता आणि गल्लीतील दिवा लागला नाही तर त्याचा जाबही देत होता.